अर्धी पिशवी

४ मार्च

परत पाठवलं. रक्तपेढीतून हाकलून दिलं म्हणा ना!

चष्मेवालीने बोटाला टोचलं, थेंब निळ्या पाण्यात टाकला. बुडायला हवा होता. बुडला नाही, वरच्या वर तरंगत राहिला, मग हळूहळू विरघळला. ती म्हणाली, काका, हे काही खरं नाही. मशीनवर पुन्हा बघितलं — अकरा पॉइंट एक. हिमोग्लोबिन साडेबारा लागतं. आणि वर, जानेवारीत दिलंत ना तुम्ही? तीन महिने तरी होऊ द्या. मी म्हटलं, होतील एप्रिलमध्ये. मग वय विचारलं. चौसष्ट. तिने चष्मा वर केला. पासष्ट पूर्ण झाली की आम्ही घेत नाही, माहीत आहे ना?

माहीत आहे. पस्तीस-चाळीस वर्षं देतोय, मला नियम शिकवते!

दोन मे ला पासष्ट होतात. म्हणजे एप्रिलच्या मध्यापासून महिनाअखेरपर्यंत काय ती फट. तेवढ्यात अंगात रक्त भरायचं. तिने कागदावर गोळीचं नाव लिहून दिलं, डॉक्टरांना दाखवून घ्या म्हणाली. दाखवलं. डॉक्टरांनी पोट दाबलं, छाती ऐकली, चार-पाच तपासण्या करायला लावल्या आणि म्हणाले, बाकी सगळं ठीक आहे, खात नाही तुम्ही.

खातो की. समोर येईल ते खातो.

५ मार्च

गोळी सुरू केली. लाल, गुळगुळीत, साखरेचा मुलामा दिल्यासारखी.

लिहून ठेवतो, म्हणजे डोक्यात फिरायचं थांबेल. बायकोच्या हाडात रक्त बनायचं बंद झालं होतं. मग दर थोड्या दिवसांनी बाहेरचं चढवायचं. सगळे बाटली म्हणतात, असते पिशवी. लोकांनी दिलेलं. कुणाचं ते कळत नाही. एक माझंही दिलं मी जानेवारीत, ते तिला गेलं की दुसऱ्याला, देव जाणे. पिशवी चढली की दोन-तीन दिवस तिच्या गालांवर रंग यायचा, मला नावं ठेवायची, मुलीला फोन करायची. मग परत पांढरी.

शेवटच्या दिवशी दुपारी पिशवी लावलेली होती. ती म्हणाली, ओठ सुकलेत, खाली जाऊन मलम आणा. औषधाच्या दुकानात ही रांग. वर आलो तर मुलगी, सिस्टर, सगळे पलंगाभोवती उभे. ती गेली होती. पिशवी तशीच टांगलेली, अर्धी भरलेली. मी सिस्टरला म्हटलं, उरलेलं दुसऱ्या कुणाला तरी लावा. ती म्हणाली, तसं नाही करता येत हो. फेकून देतात.

कुणीतरी पोटच्या पोराला सोडून, कामावर सुट्टी टाकून, हात पुढे करून दिलेलं. अर्धं गटारात.

ते एक परत द्यायचं आहे. बस, एवढंच. आजवर इतकी दिली, पण ती मी आपली देत होतो. ही फेडायची आहे.

७ मार्च

तोंडाला गंजाची चव. दिवसभर.

९ मार्च

पोट साफ नाही. झालं ते कोळशासारखं काळं. घाबरलोच! डॉक्टरांच्या कंपाउंडरला फोन केला. तो म्हणाला, गोळीचं आहे, काळंच होतं, घाबरू नका. एवढं आधी सांगायला तुमचं काय जात होतं, म्हटलं.

१२ मार्च

दुकान उघडलं. शिलाई मशीन दुरुस्त करायला वाकलो आणि डोळ्यांपुढे अंधारी. मशीनच्याच कडेला धरून उभा राहिलो. हात थंड. स्क्रू हातातून पडला, गुडघे टेकून शोधत बसलो. सापडला शेवटी माझ्याच बुटाखाली.

शेजारच्या गाळ्यातली टेलरबाई बघत होती. तिचंच मशीन होतं ते, टाका सुटतोय म्हणून आणलेलं. म्हणाली, आयुष्य लोखंडात गेलं तुमचं, आणि अंगात लोखंड नाही! जरा एखादं मशीनच चाटा.

हसण्यासारखं होतं. मला कळलं की हे हसण्यासारखं आहे. हसू आलं नाही.

मशीन दुरुस्त झालं. खालच्या फिरकीत जुना दोरा अडकला होता, एवढंच. ती कापड घालून बघत होती, टाके एकसारखे पडत होते. पूर्वी असा सरळ टाका बघितला की बरं वाटायचं मला.

१५ मार्च, रविवार

मुलगी आली. पिशव्या भरून बीट, पालक, अंडी, खजूर, डाळिंबं. फ्रीजमध्ये लावत गेली आणि आधीचं सडलेलं काढत गेली. बाबा, हे काय आहे? बाबा, हे कधीचं आहे? मी काय सांगणार! आणलं होतं कुणीतरी सुतकाच्या दिवसांत, आल्या-गेल्यांपैकी.

मग म्हणाली, हा हट्ट कशासाठी? तुम्हाला स्वतःला उभं राहता येत नाही नीट. आई गेली, आता तुम्हीपण आडवे पडा, म्हणजे झालं. मी म्हटलं, ती अर्धी पिशवी फुकट गेली, ती भरून द्यायची आहे. तिचा चेहरा कसातरी झाला. म्हटलं, काय? काही नाही म्हणाली आणि भांडी घासायला गेली. घासलेलीच भांडी घासत होती.

आईसाठी रडत असेल. रडू दे. तिला येतं तरी.

१६ मार्च

बीट खाल्लं. लघवी लाल. या वेळी कुणाला फोन केला नाही.

२२ मार्च, रविवार

आज बायकोच्या मावशीकडची माणसं आली. भेटायला राहून गेलं होतं म्हणाले. अर्धा तास बसले. त्यांच्यातली एक बाई माझा हात धरून म्हणाली, रडून घ्या हो भाऊजी, मोकळं करा मन. मी म्हटलं, हो. ती वाट बघत बसली! माझ्या तोंडाकडे बघत. मलाच अवघडल्यासारखं झालं. शेवटी म्हटलं, चहा टाकतो.

खरं सांगायचं तर काहीच होत नाही. झोप लागते. सकाळी जाग येते. दाढी करतो. पाय जडशीळ, जिना चढताना मध्ये एकदा थांबतो. दुखावं असं काही नाही. दातांच्या डॉक्टरने इंजेक्शन दिल्यावर गाल असतो ना, आहे पण आपला नाही, तसं.

२३ मार्च

गोळी घेतली. जेवलो. दुकान. गोळी.

२ एप्रिल

अकरा पॉइंट दोन!

महिनाभर गंज चघळला, पोट दगड झालं, आणि किती वाढलं तर पॉइंट एक. माझा विश्वासच बसेना. चष्मेवालीला म्हटलं, तुमचं मशीन बिघडलंय, आणा इकडे, उघडून बघतो. ती म्हणाली, बसा काका.

मग पोलिसासारखी उलटतपासणी. गोळी कधी घेता? सकाळी. उपाशीपोटी? हो. कशाबरोबर? चहाबरोबर. तिने पेन खाली ठेवलं. चहाबरोबर? मी म्हटलं, मग काय, सकाळी सहाला चहा, त्यातच गोळी, म्हणजे विसरायला होत नाही. किती चहा? दोन कप. एकदम दोन? हो. पुन्हा दिवसात? दुकानात दोन-तीन. तिने कपाळाला हात लावला. अहो काका, चहाने लोह अंगाला लागतच नाही! घेतलेली गोळी सगळी संडासात चाललीय तुमची. चहाच्या आधी दोन तास, नंतर दोन तास गोळी नाही. सकाळी उपाशीपोटी लिंबूपाण्याबरोबर घ्या. आणि चहा सकाळी अजिबात नाही. दिवसात एक, जेवणापासूनही लांब.

मी म्हटलं, दुपारी घेतो गोळी. सकाळचा चहा राहू दे. ती म्हणाली, दुपारी दुकानातला चहा सुटतो तुमचा? नाही सुटत, टेलरबाई पाठवते. मग? मग काय, हो म्हटलं.

निघताना म्हणाली, पण एकट्याला सकाळी दोन कप कशाला लागतात हो?

सांगितलं नाही. लग्न झाल्यापासून सकाळचा चहा मी करतो. घरातलं तेवढं एकच काम मला येतं, त्यावरूनही बोलणी खायचो — साखर जास्त, पत्ती कमी, उतू गेलं ते पुसलं का! दोन कपांचंच माप हाताला आहे. एकाचं मला जमत नाही, खरंच जमत नाही, कडू होतो किंवा पांचट. मग आधी माझा पितो, मग तिचा पितो. ओतून कसा देणार? आणि वर गोळी. म्हणजे तिचा चहा पिऊन पिऊनच तिच्यासाठीचं रक्त होऊ दिलं नाही मी. शहाणाच आहे!

३ एप्रिल

सकाळी हात आपोआप भांड्याकडे गेला. पाणी ठेवलं. उकळलं. बंद केलं. ओतून दिलं.

लिंबूपाणी आणि गोळी. दात आंबले.

४ एप्रिल

आजही पाणी ठेवलंच.

८ एप्रिल

चहा नाही तर सहा ते आठ काय करायचं असतं माणसाने? ओट्यापाशी उभा राहिलो. मग स्टुलावर बसलो. तिचं स्टूल. समोर भिंत, भिंतीवर तेलाचा डाग. तो डाग म्हणजे एखाद्या गायीसारखा दिसतो असं ती म्हणायची. मला कधीच दिसली नाही गाय. आजही दिसली नाही.

प्रामाणिकपणे लिहायचं तर मला तिची आठवण येत नव्हती. चहाची येत होती. डोकं ठणकत होतं चहासाठी. एवढंच.

१२ एप्रिल, रविवार

तीन महिने पूर्ण झाले. म्हणजे आता नियमाची एक बाजू सुटली. पण चष्मेवालीला फोन केला तर म्हणाली, थांबा जरा, घाई करून परत अकरावर आलात तर मी दारातूनच परत पाठवेन. महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात या. म्हटलं, आणि तेव्हाही नाही भरलं तर? तर नाही, काका. नाही म्हणजे नाही.

मग कधीच नाही.

मुलगी आली होती. अंड्यांचं कालवण केलं. मी रक्तपेढीचं सगळं सांगितलं तिला, तारखांसकट. ती ऐकत होती. मध्येच म्हणाली, बाबा, समजा नाही जमलं, तर चालेल ना? म्हटलं, नाही चालणार. म्हणाली, आईला चाललं असतं. म्हटलं, तुला काय माहीत आईला काय चाललं असतं ते! उगाच ओरडलो. ओरडलो म्हणजे आवाज मोठा झाला. आत काही नव्हतं.

१५ एप्रिल

टेलरबाईला मागच्या आठवड्यात सांगितलं, दुपारचा चहा पाठवू नका. ती म्हणाली, काय चुकलं माझं? सगळं समजावून सांगावं लागलं. तेव्हापासून तिने गल्लीभर केलंय. कपडे शिवायला येणारी बायामाणसंसुद्धा माझ्या दारात डोकावून विचारतात, काय हो, किती झालं? लोक क्रिकेटचा स्कोअर विचारतात तसं.

१८ एप्रिल

एका कारखान्यातलं मशीन दुरुस्तीला होतं. तिसरा मजला, लिफ्ट बंद. मशीनचं जड मुंडकं, टेबलावरचा लोखंडी भाग, खांद्यावर घेऊन वर गेलो. वर पोचल्यावर लक्षात आलं — मध्ये थांबलोच नाही! छाती धडधडत होती पण ती चढल्याची. तळहात बघितले. गुलाबी. नखंसुद्धा.

शरीर आपलं बरं होत चाललंय. त्याला घरात काय झालं याची खबरच नाही.

१९ एप्रिल, रविवार

आज भूक लागली. नुसती वेळ झाली म्हणून नव्हे, खरोखरची भूक. मुलगी वाढत होती. भात संपवला, पुन्हा मागितला. पुन्हा मागितला! ती वाढता वाढता थबकली, मग इतकं घातलं ताटात की डोंगर. डोळे भरले होते तिचे, आनंदाने. सगळं खाल्लं. बोटं चाटली.

आणि मग लाज वाटली. बायको तिथे शेवटी दोन चमचे पेजेला नको म्हणायची. आणि मी इथे पातेलं खरवडतोय. लाज वाटली म्हणजे वाटायला हवी असं वाटलं. कुठे वाटली ते शोधत बसलो.

हे सगळं द्यायचंच आहे, म्हणून स्वतःची समजूत घातली. माझ्यासाठी खात नाहीये मी.

२४ एप्रिल

टेलरबाईने एका गिऱ्हाइकाच्या पँटला दोन्ही पाय डावेच शिवले. हसलो. मग ती माझ्याकडे बघायला लागली, तेव्हा थांबलो.

२९ एप्रिल

उद्या.

३० एप्रिल

थेंब बुडला.

दगडासारखा सरळ तळाला गेला! चष्मेवाली ‘अरे वा’ म्हणाली. मशीनवर बारा पॉइंट सहा. पलीकडचा साफसफाईवाला पण बघायला आला, त्यालाही माहीत होतं म्हणे माझं प्रकरण. रक्तदाब बघितला, वजन बघितलं. झोपवलं.

मुलगी बरोबर आली होती, मी एकटा रिक्षातून परत येणार नाही या अटीवर. खुर्ची ओढून शेजारी बसली. सुई गेली. मी हातातला रबरी चेंडू दाबत होतो. खाली पिशवी त्या छोट्या पाळण्यावर हलत होती, झुलत झुलत भरत होती. मी मान वळवून बघत राहिलो. अर्धी झाली. म्हटलं, आता. आता काहीतरी वाटेल. अर्ध्याची रेघ ओलांडून वर गेली. भरली. पाळणा थांबला, टुणटुण वाजलं.

काहीच नाही.

चष्मेवालीने पट्टी लावली, म्हणाली, झालात रिटायर काका. चाळीस वर्षांचं काम संपलं. आम्ही आठवण काढू. हात जोडले तिने. मीही जोडले. म्हटलं, कुणाला जाईल हो ही? ती म्हणाली, ज्याला लागेल त्याला. पूर्ण वापरतील ना? वापरतील, काका.

रिक्षात मुलीला म्हटलं, फिटलं बाई एकदाचं. ती बाहेर बघत होती. इतका वेळ बाहेर बघत होती की मलाच वाटलं, हिला उलटी होतेय की काय. घर आलं. जिन्यात माझा दंड धरला तिने, मला चक्कर येईल म्हणून. वर पोचल्यावरही सोडला नाही.

१ मे

दिवसभर पडून. भरपूर पाणी प्यायलो. गोळ्या अजून तीन महिने घ्यायच्या म्हणे, दिलेलं भरून काढायला. कशासाठी भरायचं आता ते काही कळत नाही. पण डबी ओट्यावर आहे, घेईन.

एवढं करून मनाला हलकं वाटेल अशी अपेक्षा होती. अपेक्षा हीच जास्त होती बहुतेक. काम झालं. उद्यापासून करायला काही नाही.

२ मे

पासष्ट.

मुलगी सकाळीच आली. बसलीसुद्धा नाही. दारातच म्हणाली, बाबा, ती पिशवी आईनेच बंद करायला लावली होती. तुम्ही खाली गेल्या गेल्या. सिस्टरना म्हणाली, पुरे झालं, काढा आता. मला म्हणाली, यांना सांगू नको, हे भांडत बसतील, मला आज भांडायची ताकद नाही. आणि माझा हात धरून डोळे मिटले तिने. मी वचन दिलं होतं हो बाबा. पण तुम्ही परवा फिटलं म्हणालात आणि मला राहवेना.

म्हणजे मला मुद्दाम बाहेर काढलं!

सगळं आयुष्य साधा पडद्याचा रंग मला विचारून घेतला या बाईने, आणि हे न विचारता! भांडलो असतोच मी. भांडणारच होतो! तेवढं एक भांडण तरी ठेवायचं होतंस माझ्यासाठी. मी ओरडलो. मुलीवर नाही, तिच्यावर, तिचं नाव घेऊन, रिकाम्या घरात, भिंती हादरतील असा. शेजारचे दार उघडून बाहेर आले. टेलरबाई चपला न घालता धावत आली. मी थांबलो नाही. घसा बसलाय, लिहितानाही हुंदके येतायत, आणि अजून राग जात नाहीये.